अर्ध्या मिलिमीटरची जागा

त्याचं खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे तो समांतर. हे नाव ठेवलं शेजारच्या मशीनवरच्या मिलिंगवाल्याने, आणि त्याला निमित्त झालं जेवणाच्या सुट्टीतलं टेबल. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. बाकीचे पाच जण वर्षभर त्याच्यावर चहा सांडत होते, त्याला शिव्या घालत होते आणि पुन्हा सांडत होते. हा नवीन आला, पहिल्याच दिवशी कप ठेवला, वाकून एक डोळा मिटून कपात पाहिलं आणि चहा तसाच सोडून पत्र्याचा तुकडा कापायला उठला. तुकडा पायाखाली घातला, पाहिलं, काढला, कानसीने घासला, पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला चहाची पातळी कपाच्या काठाशी समांतर झाली तोवर चहा पार गार झाला होता. तो त्याने आवडीने प्यायला.

"हा घरी अंथरूणसुद्धा भिंतीशी समांतर घालत असेल," मिलिंगवाला म्हणाला. पुढे एकदा समांतरची बायको विसरलेला डबा द्यायला आली तेव्हा त्याने तिला विचारून खात्रीच करून घेतली. "घालतात," ती म्हणाली, "आणि माझं वाकडं असलं तर तेही ओढून सरळ करतात."

ही चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखाना म्हणजे सहा माणसांचं वर्कशॉप. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना लागणारी उपकरणं तिथे तयार होत. समांतर लेथवर. शिक्षण सातवीपर्यंत, पण हाताला असा हिशेब की मायक्रोमीटर लावायच्या आधीच तो आकडा सांगायचा आणि मायक्रोमीटरने मग मुकाट्याने त्याचंच म्हणणं मान्य करायचं. आपण केलेल्या उपकरणाने लोक काय मोजतात याची चौकशी त्याने कधी केली नाही. ते त्यांचं ते बघतील, मापात आहे की नाही एवढं माझं, हा त्याचा खाक्या. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट बजावायचा, ड्रॉइंगमध्ये आहे ते सगळं करायचं आणि ड्रॉइंगमध्ये नाही ते काहीही करायचं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते मोडणार आहे आणि मोडणारा तोच आहे.

त्याची थोरली मुलगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. मापाचा हट्ट तिने बापाकडून उचलला होता आणि तोंड आईकडून. कॉलेजला एक उपकरण नव्याने करून घ्यायचं होतं, तेव्हा तिने वर्कशॉपचं नाव सुचवलं. काम समांतरकडे येणार हे उघड होतं. त्याने जेवताना तिला अट घातली.

"तिथे मला बाबा म्हणायचं नाही. मिस्त्री म्हणायचं. त्यांना माझं काम बघू दे, नातं नको."

"आणि कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर सांग. न विचारता मिरवू नको."

ऑर्डरचा कागद आला. वर लिहिलं होतं, समांतर पट्टी धारित्र. समांतर हा शब्द वाचून मिलिंगवाला म्हणाला, "बघ, कॉलेजात तुझ्या नावाचं उपकरण निघालं." पण समांतरच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पट्ट्या म्हणजे पितळेच्या दोन गोल तबकड्या, हे ड्रॉइंगवरून कळत होतं. त्या वीतभर रुंद हव्या होत्या, एकीवर एक, मध्ये अर्धा मिलिमीटर जागा. खालची पायावर पक्की बसवायची, वरचीला तीन कान काढायचे आणि ते कान बाहेर उभ्या केलेल्या तीन खुंट्यांवर टेकवायचे. खुंट्या वीज न वाहणाऱ्या चिनीमातीच्या. वरची तबकडी उचलायला प्लास्टिकची मूठ. सगळं दिसत होतं, एकच दिसत नव्हतं. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने थोरलीला विचारलं.

"पट्ट्यांना धार किती लावायची?"

"धार कशाला?"

"धारित्र लिहिलंय ना. ड्रॉइंगवर धारेचा कोनच दिलेला नाही."

थोरली इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. "धार नव्हे हो बाबा, धारण. धरून ठेवणारं ते धारित्र. पंखेवाला ज्याला कंडेन्सर म्हणतो ना, तेच."

"मग कंडेन्सर लिहायचं सरळ," तो म्हणाला. "मी उद्या सकाळी धार लावायला बसलो असतो."

जेवणं व्हायची होती. तिने दोन रिकामी ताटं घेतली आणि समोरासमोर धरली. एकमेकांना लागू न देता.

"बॅटरी काय करते, या ताटावरचा विजेचा भार उपसते आणि त्या ताटावर नेऊन ओतते. इथे उणा झाला, तिथे अधिक झाला. आता त्या दोघांना एकमेकांची ओढ लागते. पण मध्ये जागा आहे, ओलांडून येता येत नाही. बॅटरी काढून घेतली तरी ते तसेच ओढ लावून बसतात. मग तारेने वाट करून दिली, की सगळं एका झटक्यात मोकळं. दिवा पेटेल, पंखा हलेल, जे असेल ते."

"म्हणजे वीज साठते ती ताटांत."

"भार ताटांवर. पण ऊर्जा म्हणाल तर ती मधल्या जागेत."

"मध्ये तर काहीच नाही."

"मध्ये ओढ आहे."

त्याने मान हलवली, म्हणजे पटलं नव्हतं. जन्मभर पितळ, पोलाद, ॲल्युमिनियम कापलेल्या माणसाला रिकाम्या जागेत काही ठेवलंय असं सांगितलं तर तो मान हलवण्यापलीकडे काय करणार? पण पुढचं त्याला नीट कळलं. ताटं जितकी जवळ तितका भार जास्त मावतो, आणि अंतर सगळीकडे अगदी सारखं हवं, नाहीतर कागदावरचं सूत्र आणि मीटरवरचा आकडा जुळत नाही.

"ते माझ्यावर सोड," तो म्हणाला आणि तिच्या हातातली ताटं घेऊन पाटांसमोर मांडली. सरळ रेषेत.

सोळा दिवस तो त्या दोन तबकड्यांना चिकटून होता. लेथवर तबकड्यांची तोंडं सपाट करून झाल्यावर दगडी पाट्यावर निळ्या रंगाचा पुसट हात द्यायचा, त्यावर तबकडी फिरवायची, जिथे निळं लागेल तिथे उंचवटा आहे असं समजून तेवढंच खरवडायचं, पुन्हा फिरवायची. शेवटी निळा रंग सगळीकडे सारखा, पिठासारखा बसला. जोडणी झाल्यावर त्याने अर्ध्या मिलिमीटरची पाती मधल्या जागेत सरकवली, मग खात्रीसाठी कागदाच्या पाच पट्ट्यांची चळत. तीन ठिकाणी घातली, तीन ठिकाणी ओढली. तिन्हीकडे ओढताना बोटाला एकच जोर लागला. मिलिंगवाल्याने डोळे मिटून ओढून पाहिली आणि कुठल्या जागेची कुठली ते त्याला सांगता आलं नाही. समांतर त्या दिवशी घरी शीळ घालत आला.

आणि मग त्याने ती गोष्ट केली. पितळ उघडं ठेवलं की काळं पडतं. थोरलीच्या कॉलेजात जाणारी वस्तू काळी पडलेली त्याला बघवली नसती. त्याने तबकड्या सोडवल्या, लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवलं आणि मऊ ब्रशने दोन हात दिले. आतून आधी, मग बाहेरून. कान तेवढे सोडले, कारण ते खुंट्यांवर टेकायचे होते. पॉलिश असं पारदर्शक उतरलं की ते आहे हेच कळू नये. ड्रॉइंगमध्ये पॉलिशचा एक शब्दही नव्हता. पण बापाच्या हौसेला ड्रॉइंग कोण विचारतो?

कॉलेजात विभागप्रमुख मॅडमनी उपकरण चहूबाजूंनी पाहिलं. वयाने त्याच्याएवढ्याच, बोलणं मोजून मापून. थोरली बाजूला उभी होती आणि "मिस्त्री, हे इथे ठेवा" असं इतक्या सफाईने म्हणत होती की त्याला मनातून हसू येत होतं. मॅडमनी तारा जोडल्या, मीटर पाहिलं, वहीत हिशेब केला, पुन्हा मीटर पाहिलं.

"सूत्राप्रमाणे शंभर यायला हवं तिथे एकशे आठ येतंय," त्या म्हणाल्या. "एखादा जास्त येणार, तो कडांचा, तिथे ओढ जरा बाहेर पसरते, ते मी धरलेलं आहे. आठ नाही. अंतर कुठेतरी कमी पडलंय. पट्ट्या समांतर नाहीत."

खोलीत सात-आठ विद्यार्थी होते. कुणालाच माहीत नव्हतं की हे वाक्य त्या माणसाला त्याच्या नावानेच मारल्यासारखं लागलंय. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढला नाही. त्याने टेबलावरचा कोरा कागद मागितला, पट्ट्या कापल्या, पाचांची चळत केली आणि आत घालायला गेला. ती जाईना. कॉलेजचा कागद जाडा दिसतो, असं म्हणून त्याने एक पट्टी कमी केली. चार गेल्या. तीन ठिकाणी घातल्या, तीन ठिकाणी ओढल्या.

"बघा मॅडम. तिन्हीकडे सारखाच जोर."

मॅडमनी स्वतः ओढून पाहिलं. "सारखा वाटतोय खरा. पण मिस्त्री, बोटाचं मला लिहिता येत नाही. मीटरचं लिहावं लागतं." आणि त्यांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, पट्ट्या समांतर नाहीत. खाली लिहिलं, पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकापुरतं ठेवायला हरकत नाही. सहीची जागा कोरी ठेवली. सही उद्या.

म्हणजे वस्तू परत येणार नव्हती. मालकाची काही तक्रार नसती. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. हा घरी आला आणि पाटावर बसून ताटाकडे बघत राहिला.

"सोडून द्या ना बाबा," थोरली म्हणाली. "मी तुमचं काम ओळखते."

"तू ओळखतेस. कागद ओळखत नाही." मग त्याने विचारलं, "मीटर बिघडलंय का?"

"दोनदा तपासलं."

"त्या सूत्रात काय काय येतं?"

"तबकडीचं क्षेत्रफळ, मधलं अंतर, आणि मध्ये काय आहे ते."

"मध्ये काय आहे म्हणजे? तूच म्हणालीस रिकामं."

"हवा धरलीय. हवेऐवजी काच घातली, अभ्रक घातला, प्लास्टिक घातलं, तर जास्त मावतं. मधली वस्तू त्या ओढीला थोडी तोंड देते, ओढ सैल पडते, मग तेवढ्याच बॅटरीत आणखी भार चढतो."

त्याचा हात ताटातच थांबला. कारखान्यात पाच कागद गेले होते, इथे चारच. पाती घातली होती ती केव्हा? पॉलिशच्या आधी.

"आणि लाख?" त्याने विचारलं.

थोरलीने घास खाली ठेवला. "बाबा, तुम्ही पॉलिश केलंत?"

"केलं."

"आतून?"

"आतून आधी."

आईला यातलं काही कळत नव्हतं, पण दोघांची तोंडं बघून तिने आमटी पुन्हा वाढायचं थांबवलं. थोरली मात्र झटकन सावरली. तिचं डोकं भराभर चालायचं. "मी सकाळी लवकर जाते. स्पिरिटने पुसून टाकते. मग मॅडमना म्हणते, एकदा पुन्हा मोजू या. आकडा बरोबर येईल, सही व्हायच्या आत ते वाक्य जाईल. पॉलिशचं नावही निघायला नको."

खरं सांगायचं तर त्याला ते क्षणभर आवडलं. चौतीस वर्षं ज्या गोष्टीवरून पोरांना फैलावर घेतलं तीच गोष्ट आपण केली, हे चार परक्या माणसांपुढे कबूल करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण मग तो म्हणाला, "आणि आजचा एकशे आठ कुठून आला, असं कुणी विचारलं तर? मॅडमनी मोजायला चूक केली म्हणणार? त्या बाईने नीट मोजलंय. चूक माझ्याकडची आहे, ती माझ्याकडेच राहू दे. मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ शर्ट घालून, स्पिरिटची बाटली आणि मऊ फडकं घेऊन प्रयोगशाळेत हजर झाला. मॅडम होत्या, थोरली होती, कालचेच विद्यार्थी होते.

"मॅडम, तबकड्यांवर लाखेचं पॉलिश आहे," तो म्हणाला. "ड्रॉइंगमध्ये नव्हतं. मी माझ्या हौसेने दिलं. एकेका तोंडावर केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा थर असेल. काढतो, आणि तुम्ही मोजा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला, तबकडी उजेडाला धरून तिरकी केली. मग म्हणाल्या, "आधी एकच पुसा."

त्याने वरची पुसली. फडक्यावर मधासारखा डाग आला. पितळ कोरडं झाल्यावर तबकडी खुंट्यांवर बसवली. मॅडमनी मीटर पाहिलं. एकशे साडेचार. त्यांनी बोटाने खालची दाखवली. त्याने खालची पुसली. या वेळी विद्यार्थी जागेवरून उठून टेबलाभोवती आले होते, आणि थोरली खिडकीतून बाहेर बघत असल्याचं सोंग करत होती.

एकशे एक, आणि वर किंचित.

"हा एक कडांचा," मॅडम म्हणाल्या. "तो जगातल्या कुठल्याही पट्ट्यांना येतो." त्यांनी कालचा कागद पुढे ओढला, ‘समांतर नाहीत’ मधलं ‘नाहीत’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘आहेत’. मग विद्यार्थ्यांकडे वळल्या. "यांच्या तबकड्या वाकड्या असत्या तर मला लाखेचा पत्ताच लागला नसता. सगळी चूक एकात एक मिसळून गेली असती. तबकड्या इतक्या सरळ आहेत म्हणून केसाच्या तिसऱ्या हिश्श्याचा थर मीटरवर उघडा पडला. हे वहीत लिहून घ्या."

समांतरचा ऊर असा भरून आला की शर्टाचं वरचं बटण त्याला उगाच घट्ट वाटलं. पण कागदावर त्याची नजर होतीच. "पॉलिशचंही लिहा," तो म्हणाला. "मिस्त्रीने न सांगता दिलं होतं, असं."

"लिहिते. आणि एक ऐका, जुन्या काळी एका उपकरणात तबकड्या एकीवर एक अशा टेकवूनच ठेवायच्या असत. तिथे मध्ये मुद्दाम लाखेचाच थर देत. तुमचं पॉलिश चुकलं नाही, मिस्त्री. जागा चुकली. तसलं एक उपकरण पुढच्या वर्षी करून घेणार आहे, तेव्हा हौस भागवून घ्या." आणि त्यांनी सही केली.

मग त्या म्हणाल्या, "आता हे चालवून तरी बघा. कुणी दाखवलंय का तुम्हाला?"

कुणी दाखवलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्याने शेकडो उपकरणं केली आणि एकही चालताना पाहिलं नव्हतं. थोरलीने बॅटऱ्यांची पेटी लावली, मग काढून घेतली. वरच्या तबकडीला एका काचेच्या पेटीतली तार जोडली. पेटीत एका दांडीला सोनेरी वर्खाचं नाजूक पान लोंबत होतं. भार पुरेसा जोरात असला की ते पान दांडीपासून दूर उचललं जातं, असं तिने सांगितलं. पान मात्र ढिम्म हललं नव्हतं.

"आता मूठ धरून वरची तबकडी सरळ वर उचला," मॅडम म्हणाल्या. "बॅटरी काढलेली आहे. बाहेरून आता काहीही येणार नाही, हे लक्षात ठेवा."

त्याने मूठ धरली. तबकडी खुंट्यांवरून सुटली.

"बाबा, हळू," थोरली म्हणाली.

तिने जीभ चावली. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मला कालच कळलं होतं. कागदाची पट्टी दोघं सारख्याच बोटांत धरता."

त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. तो तबकडी वर उचलत होता, अर्ध्या मिलिमीटरची जागा एक, दोन, पाच मिलिमीटर होत होती, आणि काचेच्या पेटीतलं ते सोनेरी पान दांडी सोडून हळूहळू वर येत होतं. बॅटरी नव्हती. दुसरं कुणी काही लावलं नव्हतं.

"हे कशाने उचललं?" त्याने विचारलं.

"तुम्ही," थोरली म्हणाली. "खालची वरचीला ओढत होती. ओढ इतकी बारीक की हाताला कळणार नाही, पण तिच्याविरुद्ध तुम्ही उचललंत. तेवढे तुमचे कष्ट मध्ये साठले, त्या जोरावर पान उचललं गेलं."

"मध्ये."

"मधल्या जागेत, बाबा."

त्याने वाकून, एक डोळा मिटून, दोन तबकड्यांच्या मधून आरपार पाहिलं. पलीकडे विद्यार्थ्यांचे सदरे दिसत होते, खिडकी दिसत होती, आणि मध्ये काहीच नव्हतं. सोळा दिवस आपण पितळ घडवतोय असं त्याला वाटत होतं. घडवत होता तो ही जागा. या वेळी त्याला पटलं, आणि म्हणून त्याने मान हलवली नाही.

"मिस्त्री," मागून एक विद्यार्थिनी म्हणाली, "तबकडी जरा तशीच धरून ठेवाल? मला चित्र काढायचंय."

"काढ," तो म्हणाला. "सावकाश काढ. आणि दोन्ही रेघा समांतर आल्या पाहिजेत."